कुत्र्याच्या नावाचे खाते



मालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही "कुत्रा" असे उत्तर दिले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे श्वानाच्या इमानाविषयी?" आम्ही म्हटले, "इमानाविषयी नव्हे, खर्चाविषयी." तेव्हा त्यांची मुद्रा जरा खुलली. खर्च हा विषय आपल्या गावात कोणत्याही निमित्ताने चालतो. आदल्या दिवशी उपनिषदांचे विवेचन झालेले असो की अंदाजपत्रकाचे, दुसऱ्या दिवशी डाळीच्या भावाविषयी बोलणाराला श्रोते मिळतातच.

विषय सुचण्याचे कारण घरगुती आहे. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. नवराबायको दोघेही नोकरी करणारी, आठ वर्षांची एक मुलगी. मुलीने कुत्र्याच्या पिल्लासाठी हट्ट धरला. गृहस्थ हिशेबी. एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले आणि सरळच विचारते झाले, "काका, तुमच्याकडे इतकी वर्षे कुत्री होती. महिन्याला साधारण किती येतो हो खर्च?" प्रश्न साधा होता, मंडईत कांद्याचा भाव विचारावा तसा. परंतु आम्हां दोघांनाही उत्तर देता येईना. आमच्या सौभाग्यवतींनी "थांबा, वही आहे" म्हणून कपाटातून एक वही काढली, उघडली आणि पुन्हा मिटली. ती वही आज आम्ही बरोबर आणली आहे. त्या गृहस्थांना त्या दिवशी जे उत्तर देता आले नाही, तेच आज येथे देत आहोत असे समजावे.

पैशांकडे वळण्यापूर्वी थोडे मनाविषयी. मराठी माणसाच्या तोंडी कुत्रा येतो तो बहुधा अपशब्द म्हणूनच. हाल असे, की कुत्रा खाणार नाही. मरण यायचे ते कुत्र्याच्या मौतीने. शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. आणि हेच आपण गुरुवारी दत्ताच्या तसबिरीपुढे हात जोडतो, तेव्हा त्या पायांशी चार कुत्रे उभे असतात आणि त्यांना आपण चार वेद म्हणतो. खंडोबाबरोबर कुत्रा आहे. भाकरी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण मुलांना कौतुकाने सांगतो. घरात तसे कोणी धावले तर मात्र त्याला वेड्यात काढतो.

महाभारताची तर मौजच आहे. आदिपर्वाच्या आरंभीच जनमेजयाचे भाऊ सत्राच्या जागी आलेल्या एका कुत्र्याला मारतात. त्याने हविष्याला तोंड लावलेले नसते, त्याकडे पाहिलेलेही नसते. त्याची आई सरमा येऊन विचारते की, माझ्या मुलाचा अपराध काय? त्यावर राजकुळातील त्या मंडळींपाशी उत्तर नसते. आणि अखेरीस महाप्रस्थानिक पर्वात, भाऊ गेले, द्रौपदी गेली, तरी हस्तिनापुराहून मागोमाग आलेला कुत्रा युधिष्ठिराबरोबर उरतो; त्याला टाकून रथात चढण्याचे धर्मराज नाकारतो. लहानपणी ही कथा ऐकताना आम्हांला इंद्राचा राग येई. आज पुन्हा वाचताना वाटते, इंद्र जे बोलतो ते आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीच्या बोलण्याहून फारसे वेगळे नाही: येथे कुत्रेवाल्यांना जागा नाही, नियम आहे, माझा इलाज नाही.

कुत्र्यावर जीव लावणे हे हल्लीचे थेर आहे, असे म्हणणारांसाठी आणखी एक दाखला देतो. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एक प्राचीन दफन सापडले. सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर एक कुत्रा. २०१८ साली संशोधकांनी त्या कुत्र्याचे दात बारकाईने तपासून लिहिले, की ते साधारण सात महिन्यांचे पिल्लू होते. डिस्टेंपरसारख्या गंभीर रोगाने ते कित्येक आठवडे आजारी असावे, आणि कोणी निगा राखल्याशिवाय तितके दिवस जगणे त्याला शक्य नव्हते. त्या पिल्लाचा शिकारीला उपयोग नव्हता, राखणीला नव्हता. शेती नव्हती, गाव नव्हते, उद्याच्या जेवणाची खात्री नव्हती. अशा वेळी कोणीतरी ओकारी पुसत, पाणी पाजत बसले होते. कुत्र्यावरच्या खर्चाची ही आम्हांला ठाऊक असलेली सर्वांत जुनी नोंद. पुढे वही लिहिणे तेवढे नवे.

आता वहीकडे येतो.

आमची कुत्री २०११ च्या आषाढात आली. नाव ठकी. गावठी. मुसळधार पावसात गटाराच्या तोंडाशी कुईकुई करीत होती; आम्ही उचलून आणली. म्हणजे फुकट. फुकट मिळालेल्या वस्तूंचा जो अनुभव संसारात सर्वांना येतो तो आम्हांला दुसऱ्याच दिवशी आला. वहीतील पहिली ओळ अशी: "ठकी. डॉक्टर १००. जंताचे औषध ४०. पिसवांची पावडर ६०." मग लशी. दीड-दोन महिन्यांचे पिल्लू झाले की पार्व्हो, डिस्टेंपर आदी रोगांची एकत्र लस, ती तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा. तीन महिने पूर्ण झाल्यावर रेबीजची. पुढे वर्षाच्या वर्षाला. त्या पहिल्या वर्षी वहीच्या हिशेबाने महिना सरासरी सहाशे रुपये पडले. नसबंदीचे वेगळे.

हीच वही २०२३ च्या पानावर उघडली तर महिना पस्तीसशेच्या घरात गेलेला दिसतो, आणि हा निरोगी महिन्याचा आकडा. शंभर रुपयांत नाडी पाहणारे डॉक्टर पाचशे घेऊ लागले. आम्ही त्यांना दोष देत नाही, त्यांच्याही दवाखान्याचे भाडे वाढले. तांदळाची कणी, खाटकाकडचे कोंबडीचे पाय आणि माना, गोचिडांचे मानेवर टाकायचे औषध, सारेच चढत गेले.

येथे एक खुलासा हवा. आमचे घर शाकाहारी. कोंबडीच्या पायांनी घरात जे रामायण घडविले ते सांगत बसलो तर वेळ पुरणार नाही. गॅलरीत वेगळी शेगडी आली, वेगळे पातेले आले, आणि ज्या सौभाग्यवती अंड्याचे नाव काढले तरी नाकाला पदर लावीत त्या खाटकाशी "कालचे दिलेत, ताजे नव्हते" म्हणून हुज्जत घालू लागल्या. दुपारी मात्र ठकीला भाकरीच असे. लांडग्याला जे पिठूळ अन्न नीट पचत नाही ते कुत्र्याला पचते. माणसाच्या उकिरड्यावर हजारो वर्षे काढल्याने त्याच्या शरीरात पिष्ट पचविणारा गुण वाढला, असे २०१३ साली शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे. आमच्या आजीला हे शास्त्रज्ञांच्या आधीच ठाऊक होते.

पण आजीला एक ठाऊक नव्हते, आणि आम्हांलाही नव्हते. कांदा-लसूण, चॉकलेट आणि द्राक्षे-बेदाणे कुत्र्याला विष आहेत. २०१९ च्या गणपतीत प्रसादासाठी काढून ठेवलेली बेदाण्यांची वाटी ठकीने चाटून पुसून रिकामी केली. आम्ही हसलो. वरच्या मजल्यावरच्या एका मुलाने सांगितले तेव्हा पळापळ झाली. रात्री अकरा वाजता रिक्षा, ओकारीचे इंजेक्शन, सलाईन, दोन वेळा रक्ततपासणी. वहीत तीन हजार आठशेची नोंद आहे, आणि पुढे सौ.च्या अक्षरात "माझी चूक" असे लिहिलेले आहे. ते आम्ही आजच, येथे येण्यापूर्वी वही चाळताना प्रथम पाहिले. वाटी टेबलावर ठेवली होती आम्ही.

श्रोतेहो, हा खर्च का वाढला, याचा थोडा शांतपणे विचार केला पाहिजे. महागाई म्हणून हात झटकणे सोपे आहे. आमच्या लहानपणी वाड्यात कुत्रा होता. त्याचे नाव मोती. त्या काळी निम्म्या कुत्र्यांचे नाव मोती असे. त्याचा खर्च काय होता? काही नाही. उरलेले खाई, ओसरीच्या पायरीशी निजे. तो आमचा की गल्लीचा, हा प्रश्न कोणाला पडला नाही. आणि एके दिवशी त्याच्या तोंडाला फेस आला, पाय लटपटू लागले, तो दोन दिवस कोपऱ्यात पडून राहिला आणि गेला. तेव्हा खर्च नव्हता, कारण इलाजच नव्हता. किंवा मुंबईला परळला होता आणि आमच्यापर्यंत पोचलेला नव्हता. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चे. पण आपल्याकडील जनावरांचा डॉक्टर म्हणजे बैल, म्हैस आणि घोडा यांचा डॉक्टर. कुत्र्याला घेऊन त्याच्याकडे जाणारा माणूस हा चेष्टेचा विषय होता. आज त्याच मोतीचे रक्त तपासता येते, सोनोग्राफी होते, सलाईन लागते. ही यंत्रे, ही रसायने माणसांच्या दवाखान्यातलीच; फरक इतकाच, की माणसाला सरकारी रुग्णालय आहे, कोठे धर्मादाय खाट आहे, विमा आहे. कुत्र्याचाही विमा हल्ली मिळतो. परंतु त्याला वयाची अट असते, आणि आजार येतात ते नेमके त्या वयानंतर. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा गुरांच्या खाद्याला कर माफ आणि कुत्र्याच्या डबाबंद खाद्याला १८ टक्के, अशी वाटणी झाली. गाय हा व्यवसाय, कुत्रा ही चैन, असा त्याचा अर्थ. सरकारच्या दृष्टीने तो चूक आहे असे आम्ही म्हणत नाही.

परंतु आमच्या मते सर्वांत मोठी वाढ वहीतल्या दुसऱ्याच एका रकान्यात आहे. वाड्यातल्या मोतीला एकटे कधी राहावेच लागले नाही. घरात आजी असे, आत्या असे, कोणीतरी बाळंतीण माहेरी आलेली असे. आज सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा फ्लॅटला कुलूप असते आणि आत कुत्रा असतो. तो भुंकतो, दार ओरबाडतो, सोफा फाडतो. शेजारी तक्रार करतात. मग त्याला दिवसभर ठेवून घेणाऱ्या जागा निघाल्या, फिरवून आणणारी मुले निघाली, आपण गावाला गेलो की दिवसाला सातशे-आठशे रुपये घेणारी कुत्र्यांची वसतिगृहे निघाली. हे पैसे कुत्र्याचे नव्हेत. घरात बसून असणाऱ्या, आणि जिच्या बसून असण्याची आपण कधी किंमत केली नाही, त्या आत्याचे आहेत.

त्यात हौसेची भर. २०१९-२० च्या सुमारास आमच्या गल्लीत एक सायबेरियन हस्की आला. बर्फात गाडी ओढणारा, अंगावर दुहेरी केस असलेला प्राणी. त्याच्यासाठी एप्रिल-मेमध्ये वातानुकूलन यंत्र दिवसभर चालू. विजेचे बिल मालक मोठ्या अभिमानाने दाखवीत. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग जातीचा कुत्रा लहान मुलामागे धावताना दिसला आणि घरोघर पग हवा झाला. त्या चपट्या नाकातून त्याला आपल्या उन्हाळ्यात धड श्वासही घेता येत नाही, हे घेऊन आल्यावर कळले. २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा तीच हौस उफाळली, आणि कचेऱ्या उघडल्यावर त्यांतली काही पिल्ले टेकडीच्या पायथ्याशी, गळ्यातल्या पट्ट्यासकट सोडलेली आम्ही पाहिली आहेत. आपल्या सोलापूर-लातूरकडचा कारवानी काय, मुधोळचा काय, गटारातली ठकी काय, हे आपल्या उन्हाला सरावलेले. पण गावठी कुत्रे पाळण्यात प्रतिष्ठा नाही. मुलीच्या लग्नात जसा रंग पाहतात तसाच हा प्रकार.

आता दुसरी बाजू. कुत्र्याची भीती वाटणारा माणूस म्हणजे दुष्ट माणूस, अशी कुत्रेवाल्यांची एक समजूत असते. ती आम्हांला मान्य नाही. या सभेतल्या वयस्क मंडळींपैकी कोणाला पोटात घेतलेली ती चौदा इंजेक्शने आठवत असतील. आता ती दंडात आणि थोडीच घ्यावी लागतात. पण रोग तोच आहे. पाश्चरने १८८५ च्या जुलैत जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली त्याला आता एकशेचाळीस वर्षे झाली, तरी एकदा लक्षणे दिसू लागली की या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. तेव्हा दर वर्षीची रेबीजची लस हा कुत्र्यावरचा खर्च नसून शेजाऱ्याच्या मुलावरचा आहे. तो न करणाऱ्याला कुत्रा पाळण्याचा अधिकार नाही, मग त्याचे प्रेम कितीही असो. सोसायटीने कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालू नये असे प्राणिकल्याण मंडळाने २०१५ साली कळविले आहे. त्याच पत्राचा कागद हातात धरून जिन्यातली घाण न पुसणारे लोकही आम्ही पाहिले आहेत. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न निराळा. २०२५ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या कुत्र्यांविषयी ११ तारखेला एक आणि २२ तारखेला त्यात बदल करणारा दुसरा आदेश दिला, त्यावरून घराघरांत भांडणे झाली. त्या वादात आज शिरत नाही. इतकेच म्हणतो, की पट्ट्यासकट सोडलेली ती पिल्ले कोणाच्या तरी घरातूनच रस्त्यावर आली होती.

आता वहीची शेवटची पाने.

२०२३ च्या ऑक्टोबरात ठकी पाणी फार पिऊ लागली. वजन उतरले. रक्त तपासले, मूत्रपिंडे निकामी होत चालली होती. बारा वर्षांचे वय. आम्ही डॉक्टरांना बेदाण्यांविषयी विचारले. ते म्हणाले, चार वर्षांपूर्वीची गोष्ट, तेव्हाची तपासणी चांगली होती, संबंध नसावा. "नसावा" हा शब्द आम्ही दोघांनीही वेगवेगळा ऐकला.

त्यानंतर एक दिवसाआड सलाईन. पहिले काही आठवडे रिक्षाने दवाखान्यात. मग डॉक्टरांनीच, आमची धाप पाहून म्हणा, कातडीखाली सलाईन कसे द्यायचे ते शिकविले. सौ. बाटली धरीत, आम्ही सुई टोचीत असू. आयुष्यात कधी सुई हातात धरली नव्हती. ठकी निमूट बसे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात वहीप्रमाणे एकाहत्तर हजार चारशे रुपये गेले. आमचे उत्पन्न निवृत्तिवेतनाचे. हे पैसे आकाशातून पडले नाहीत. सौ.च्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. त्याच्या शस्त्रक्रियेसाठी बाजूला ठेवलेली ती रक्कम होती.

चिरंजीव परगावी असतात. त्यांना हे कळले तेव्हा ते फोनवर फार चिडले. "बाबा, आईचा डोळा मोठा की कुत्री?" असे त्यांनी विचारले. याला उत्तर एकच आहे आणि ते आम्हांला ठाऊक होते. फोन सौ.ने घेतला आणि म्हणाली, "डोळा थांबतो रे. ती थांबणार नाही." चिरंजीवांनी पैसे पाठविले, आणि दोन महिने बोलणे टाकले. त्यांचे चुकले असे आम्हांला आजही वाटत नाही. आपल्या घरापुरते युधिष्ठिर होणे सोपे असते. युधिष्ठिराला डॉक्टरचे बिल नव्हते आणि आंधळी होत चाललेली बायको नव्हती.

एक गोष्ट मात्र येथे स्पष्ट सांगतो, कारण ती सांगण्यासाठीच हा विषय घेतला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी आम्हांला बसवून घेतले आणि तीन गोष्टी विचारल्या. ती आपण होऊन खाते का? आपण होऊन उठते का? तुम्ही घरी आलात की शेपूट हलवते का? तिन्हींचे उत्तर नाही असे होते. आम्ही म्हटले, "परवा थोडी हलवली." परवा हलवली नव्हती. डॉक्टर काही बोलले नाहीत. सलाईनच्या बाटल्या लिहून दिल्या. त्यानंतरचे पाच आठवडे, आणि त्यांचे जे काही बावीस-तेवीस हजार असतील ते, आम्ही ठकीसाठी खर्च केले नाहीत. ती गेल्यावर घर कसे वाटेल, या भीतीपायी केले, आणि त्याचा त्रास तिला भोगायला लावला. लोक म्हणतात, गरिबीमुळे मुके प्राणी इलाजावाचून मरतात. ते खरेच आहे. परंतु पैसे आहेत म्हणून त्यांना मरू न देणारी माणसेही असतात, त्यांत आम्ही होतो. १६ फेब्रुवारीला घरीच डॉक्टर आले. भुलीचे औषध मोठ्या मात्रेत देतात. दोन मिनिटे लागतात. त्यांची फी त्यांनी घेतली नाही, फक्त औषधाचे पैसे घेतले. प्राण्यांच्या शवदाहिनीचे दोन हजार. तेथे वहीचे पान संपते.

त्यानंतर काय होते हे कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. कुत्र्याचे सुतक नसते. भेटायला कोणी येत नाही. रजा मिळत नाही. आम्ही निवृत्त, पण आमच्या ओळखीच्या एका मुलीने त्या कारणासाठी रजा मागितली तेव्हा तिच्या साहेबांना हसू आवरले नाही, आणि शेवटी तिने ताप आल्याचे लिहून दिले. भले लोक म्हणतात, "दुसरे आणा." विधुर माणसाला महिन्याच्या आत असे म्हणणारे लोक पूर्वी असत. सकाळी साडेपाचला फिरायला जाण्याची आमची सवय राहिली. गेल्या बारा वर्षांत त्या रस्त्यावर तीस-चाळीस माणसांशी आमची ओळख झाली होती, पण त्यांतल्या बहुतेकांची नावे आम्हांला ठाऊक नव्हती. आम्ही त्यांना ब्रूनोचे पप्पा, शेरूची आजी म्हणून ओळखत असू, आणि आम्ही ठकीचे आजोबा होतो. साखळीवाचून आम्ही दिसलो तेव्हा कित्येकांनी ओळखलेच नाही. ज्यांनी ओळखले ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले. त्यांचे आम्ही वाईट मानले नाही. आमच्यापाशी काय बोलावे, हे त्यांना कळत नव्हते. पेपर टाकणारा मुलगा तेवढा थांबला. ठकी त्याच्यावर रोज भुंकत असे.

सौ.च्या डोळ्याची शस्त्रक्रिया एप्रिलमध्ये झाली. उत्तम झाली. पट्टी सुटल्यावर ती म्हणाली, "घरात केवढे केस आहेत हे!"

कायद्याविषयी एकच सांगतो, कारण ते ऐकून आम्ही स्वतः थक्क झालो होतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत त्यासाठी प्रथम विधेयक आणले, त्यातून तो पुढे झाला. पाळलेल्या प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत विनाकारण सोडून देणे हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. तो आकडा अजून तोच आहे. त्या हस्कीच्या मालकांचे एका दिवसाचे विजेचे बिल त्याहून अधिक होते. ज्याला कुत्रा ठेवण्याचा खर्च परवडत नाही, त्याला तो टाकण्याचा मात्र खुशाल परवडतो, अशी व्यवस्था आपण सहा दशकांहून अधिक काळ चालू ठेवली आहे. तो दंड वाढविण्याची भाषा अधूनमधून होते. अजून तरी भाषाच आहे.

तर त्या दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांविषयी. आम्ही त्यांना वही वाचायला दिली. चार दिवसांनी त्यांनी ती परत आणून दिली. बेदाण्यांपाशी आणि जानेवारीपाशी त्यांनी कागदाचे तुकडे घातले होते. त्यांविषयी त्यांनी काही विचारले नाही. आम्ही मात्र त्यांना विचारले, "नऊ ते सहा घरी कोण असते?" हा प्रश्न त्यांनी आपल्या हिशेबात धरला नव्हता. ते म्हणाले, मुलगी तीन वाजता येते. म्हणजे सहा तास कोणी नाही. आम्ही सांगितले, मग पिल्लू नको. पिल्लाला दर दोन-तीन तासांनी कोणीतरी लागते. वाढलेले कुत्रे पाहा, ज्याची नसबंदी झालेली आहे, ज्याचा स्वभाव ठाऊक आहे असे.

आमच्या इमारतीच्या रखवालदाराजवळ दोन-अडीच वर्षांची एक काळी कुत्री बसत असे. महापालिकेच्या गाडीने नेऊन नसबंदी करून परत सोडलेली. कानाचा टवका उडविलेला, ती त्याची खूण. मुलीला ती आधीपासून ओळखत होती. गेल्या महिन्यात ती दुसऱ्या मजल्यावर राहायला गेली. मुलीने तिचे नाव कॅडबरी ठेवले आहे. आम्ही तिला काळी म्हणतो, ती दोन्हींना येते. सकाळी नऊला गृहस्थ तिला आमच्या दाराशी सोडून जातात. हे कायमचे नाही. दिवाळीपर्यंत, असे ठरले आहे. सौ.ने वहीत नवे पान घातलेले नाही. त्यांचा हिशेब त्यांनी लिहावा, असे तिचे मत पडले. दुपारची भाकरी तेवढी आमच्याकडे. गुरुवारी तिला रेबीजची लस द्यायची आहे. त्या गृहस्थांना रजा नाही, म्हणून आम्ही जाणार आहोत.